प्रश्न राखणारी बाई

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या वेळी आपण ग्रहणाबद्दल बोललो. त्यानंतर एका गटातल्या ताईंनी मला अडवून विचारलं, "बाई, चंद्र-सूर्याचं ठीक आहे. पण ज्यातून ना पीक वाढतं ना पगार, अशा गोष्टींच्या मागे ही शास्त्रज्ञ माणसं का लागतात? आणि आम्ही तरी ते का ऐकायचं?" प्रश्न रोखठोक होता. मला त्या वेळी नीट उत्तर सुचलं नाही. आज त्याऐवजी एक गोष्ट सांगते. तिच्यात उत्तर सापडतं का, ते तुम्हीच बघा.

गोष्ट रशियातली आहे, साधारण ९० वर्षांपूर्वीची. तिच्यात एक तरुण आहे, त्याची बायको आहे, आणि एक प्रश्न आहे. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

तरुणाचं नाव मातवेई ब्रॉनस्टाइन. मी त्याला अरेतुरे करणार आहे, कारण तो गेला तेव्हा फक्त ३१ वर्षांचा होता. त्याचा जन्म १९०६ सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या विनित्सा गावचा. वडील डॉक्टर. पहिलं महायुद्ध, मग क्रांती, मग यादवी, अशा धामधुमीत त्याचं शिक्षण शाळेत कमी आणि घरीच पुस्तकांतून जास्त झालं. पण पोराची बुद्धी अशी की १८व्या वर्षी त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला. पुढे तो लेनिनग्राडला विद्यापीठात गेला. आज त्या शहराला सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. तिथे त्याला त्याच्यासारखेच हुशार आणि खोडकर मित्र भेटले. त्यांतला एक लेव्ह लांडाऊ. त्याला पुढे नोबेल मिळालं.

आता तो प्रश्न. घाबरू नका, आपण सावकाश जाऊ.

आपल्याला दोन गोष्टी माहीत आहेत. पहिली, वस्तू खाली पडते. विहिरीत सोडलेला पोहरा खाली जातो, आंबा झाडावरून पडतो, आणि त्याच ओढीमुळे चंद्र पृथ्वीभोवती फिरत राहतो. हे गुरुत्वाकर्षण. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी ते नव्या तऱ्हेने समजावलं. नवारीची बाज डोळ्यांपुढे आणा. मधोमध एखादा जाडजूड माणूस बसला की नवार तिथे दबते, आणि कडेला ठेवलेली गोटी आपसूक त्याच्याकडे घरंगळते. त्याने गोटी दोरी बांधून ओढली का? नाही. त्याच्या वजनाने बाजच वाकली. आइन्स्टाइन म्हणाले, सूर्य-पृथ्वीसारख्या जड वस्तूंमुळे आपल्या भोवतालची जागा आणि काळ दोन्ही असेच वाकतात, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो.

दुसरी गोष्ट अगदी बारीक वस्तूंची, अणूच्या आतली. तिथले नियम वेगळेच निघाले. दूध आपण मापाने कितीही ओतू शकतो, पाव लिटर, छटाक, चमचाभर. अंडी मात्र मोजूनच द्यावी लागतात. अडीच अंडी कोणी मागत नाही. १९०० सालापासून शास्त्रज्ञांच्या हळूहळू लक्षात आलं की प्रकाश दुधासारखा दिसतो, पण येतो अंड्यांसारखा, नगावर. अशा एका नगाला क्वांटम म्हणतात, मराठी पुस्तकांत पुंज म्हणतात. तुमच्या दारातला सौर दिवा याच नियमावर चार्ज होतो. या बारीक दुनियेचा आणखी एक नियम आहे. इथे काहीही बघायला गेलं की बघण्याचाच धक्का त्या वस्तूला लागतो. हात न लावता बघणं असं तिथे नसतंच.

आता अडचण बघा. जडाचा नियम उत्तम चालतो, बारकाचाही उत्तम चालतो. पण दोन्ही एका घरात नांदत नाहीत. एक म्हणतो, जागा आणि काळ सलग आहेत, गुळगुळीत. दुसरा म्हणतो, खोलवर गेलं की सगळं नगावर असतं आणि धक्के खात असतं. मग जागा आणि काळसुद्धा नगावर आहेत का? आइन्स्टाइन यांनी १९१६ सालीच म्हणून ठेवलं होतं की कधीतरी या दोन्हींचा मेळ घालावा लागेल. १९३० साली लिऑन रोझेनफेल्ड यांनी त्यावर गणित मांडायला सुरुवात केली. पण अडचण नेमकी कुठे आहे त्यावर बोट ठेवलं ते मातवेईने.

त्याने विचार केला, गुरुत्वाकर्षण मोजायचं तर कसं मोजणार? विजेच्या बाबतीत बोर आणि रोझेनफेल्ड यांनी १९३३ साली याचं उत्तर दिलं होतं. विजेचा जोर मोजायला विजेचा भार असलेली एक वस्तू ठेवायची आणि ती कशी सरकते ते बघायचं. बघण्याचा धक्का लागेल, हे खरं. मग वस्तू चांगली जड घ्यायची. रिकाम्या डब्याला धक्का लागला तर तो घरंगळतो, जात्याच्या तळीला लागला तर ती हालत नाही. तसंच. वजन वेगळं आणि विजेचा भार वेगळा, त्यामुळे वजन हवं तेवढं वाढवता येतं.

गुरुत्वाकर्षणात मात्र हीच युक्ती उलटते. तिथे वजन हीच ओढ. धक्का लागू नये म्हणून वस्तू जड करावी, तर तिचीच ओढ मोजमापात मिसळते. अगदी चिमुकल्या जागेतलं मोजायचं म्हणून वस्तू लहान ठेवावी आणि जडही करावी, तर अशी वेळ येते की ती स्वतःच्याच ओढीत मिटून जाते. तिच्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही. आज आपण त्याला कृष्णविवर म्हणतो. म्हणजे एका मर्यादेपलीकडे बारीक मोजताच येत नाही. ही मर्यादा किती लहान? एक सेंटिमीटर घ्या आणि त्याचे एकावर तेहतीस शून्ये इतके तुकडे करा. त्यातला एक तुकडा, साधारण तेवढी.

मातवेईने यातून जो अर्थ काढला तो धाडसाचा होता. तो म्हणाला, ही आपल्या हत्यारांची कमतरता नाही. कदाचित जागा आणि काळ यांबद्दलच्या आपल्या नेहमीच्या कल्पनाच सोडाव्या लागतील, आणि त्यांच्या जागी काहीतरी जास्त खोलवरचं आणावं लागेल. साडी लांबून सलग दिसते. डोळ्यांजवळ नेली की उभे-आडवे धागे दिसतात, आणि धाग्याच्या आत साडी नसते. तसंच काहीसं.

हे काम त्याने १९३५च्या नोव्हेंबरमध्ये डॉक्टरेटसाठी मांडलं. वयाची २९ वर्षंही पूर्ण नव्हती. परीक्षक होते फॉक आणि ताम, दोघेही नावाजलेले. दोघांनी त्याला मनापासून दाद दिली. १९३६ साली ते छापून आलं.

आता त्याच्या बायकोकडे येऊ. लिडिया चुकोव्स्काया तिचं नाव. रशियातल्या घराघरांत ज्यांच्या कविता मुलं म्हणायची, त्या कॉर्नेई चुकोव्स्की यांची ही लेक. लेनिनग्राडमध्ये मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेत ती संपादक होती. पहिल्या लग्नाची एक लहान मुलगी होती. मातवेई आणि ती एकत्र आले आणि त्यांनी लग्न केलं. तिथे थोर बालसाहित्यिक मार्शाक सगळ्यांचे वडीलधारे. त्यांचं म्हणणं असं की मुलांसाठी विज्ञान लिहायचं तर खऱ्या शास्त्रज्ञानेच लिहावं, आणि गोष्टीसारखं लिहावं. त्यांनी मातवेईला लिहितं केलं. एवढा विद्वान माणूस, पण मुलांसाठी लिहायला बसला की वाक्य कोरडं पडायचं. पुन्हा लिही, पुन्हा लिही, असं करत त्याची भाषा सुटली.

त्याचं पहिलं पुस्तक हेलियम वायूच्या शोधाचं. हेलियम म्हणजे फुगे वर नेणारा वायू. तो पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडला. या शोधात आपल्या देशाचाही भाग आहे. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला येऊन राहिले होते. मग त्याने क्ष-किरणांवर दुसरं पुस्तक लिहिलं. तिसरं लिहिलं ते, मैत्रिणींनो, रेडिओवर! बिनतारी संदेश कोणी आणि कसा शोधला, याची गोष्ट. ती मुलांच्या मासिकात छापून आली. पुस्तक निघायचं होतं. ते निघालंच नाही.

कारण १९३७ साल उजाडलं होतं. रशियात स्टालिनची सत्ता होती आणि माणसं रात्रीतून नाहीशी होत होती. शिक्षक, इंजिनियर, शेतकरी, मजूर, कोणीही. त्यांच्याच सरकारी दप्तरात पुढे सापडलं की १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६ लाख ८० हजारांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. १९३७च्या ऑगस्टमध्ये मातवेई आईवडिलांना भेटायला किव्हला गेला होता. तिथे, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्याला उचललं. त्याच सुमारास इकडे लेनिनग्राडच्या घराचीही झडती झाली. आरोप काय, तर म्हणे तो दहशतवादी टोळीत होता. पुरावा काही नाही.

मग लिडियाचं एक नवीन काम सुरू झालं. रांगेत उभं राहायचं. तुरुंगाच्या एका छोट्या खिडकीपुढे शेकडो बायका पहाटेपासून उभ्या असत. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. रशियातली थंडी, पायाखाली बर्फ. खिडकीपर्यंत पोहोचल्यावर दोन शब्द ऐकायला मिळत, तेही खरे असतील असं नाही. तिचे वडील, मार्शाक आणि मोठमोठे शास्त्रज्ञ यांनी सरकारला पत्रं लिहिली की हा माणूस निर्दोष आहे. अशा दिवसांत असं पत्र लिहिणं म्हणजे स्वतःची मान पुढे करणं होतं. तरी त्यांनी लिहिलं.

शेवटी लिडियाला निकाल कळवला गेला: दहा वर्षं, पत्र लिहायचा हक्क नाही, मालमत्ता जप्त. तिने काय समजायचं? दहा वर्षांनी येईल, एवढंच. बायका अशा शिक्षेचे दिवस मोजत बसायच्या. पण त्या शब्दांचा खरा अर्थ वेगळा होता. ज्याला मारून टाकलंय, त्याच्या घरच्यांना असं सांगत असत. मातवेईवर १८ फेब्रुवारी १९३८ला खटल्याचा देखावा झाला आणि त्याच दिवशी त्याला गोळी घातली. लिडियाला हे कळायला १९३९ साल सरत आलं. मधल्या काळात तिलाही पकडतील अशी भीती होती, म्हणून काही दिवस शहर सोडून तिला इथे-तिथे राहावं लागलं.

आता बघा, अशा बाईने काय करावं? रडावं, गप्प राहावं, मुलगी सांभाळावी. कोणी नाव ठेवलं नसतं. लिडियाने मुलगी सांभाळली, आणि शिवाय जे घडलं ते राखून ठेवलं. १९३९-४०च्या हिवाळ्यात, शाळेच्या वहीत, तिने एक कादंबरी लिहिली. 'सोफिया पेत्रोव्ना' तिचं नाव. एका विधवा टायपिस्ट बाईच्या मुलाला पकडून नेतात, आणि ती बाई त्या रांगांत उभी राहते, त्याची ही गोष्ट. नुसती वही सापडली असती तरी जीव गेला असता. एका मित्राने ती लपवून ठेवली. पुढे युद्धात लेनिनग्राडला वेढा पडला आणि तो मित्र उपासमारीने मेला. पण मरायच्या आधी त्याने वही आपल्या बहिणीच्या हाती दिली होती. ती १९६५ साली पॅरिसमध्ये छापली गेली. तिच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ साल उजाडलं.

त्याच दिवसांत कवयित्री आना आख्मातोवा यांचा मुलगाही तुरुंगात होता. त्या अशा रांगांवर कविता करत होत्या, पण कागदावर ठेवायची सोय नव्हती. त्या चिठ्ठीवर चार ओळी लिहीत, तोंडाने मोठ्याने चहापाण्याचं काहीतरी बोलत, कारण भिंतींनाही कान होते. लिडिया ती चिठ्ठी मनातल्या मनात वाचून पाठ करायची. मग आख्मातोवा काडी लावून चिठ्ठी जाळून टाकत. कविता राहायची ती लिडियाच्या डोक्यात. लिहायला-वाचायला न शिकलेल्या आपल्या आज्यांनीही शेकडो ओव्या अशाच पाठ ठेवल्या. त्या कशा राहतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

स्टालिन १९५३ साली गेला. १९५७ साली सरकारने कबूल केलं की मातवेई ब्रॉनस्टाइन निर्दोष होता. नुसता कागद हातात घेऊन लिडिया घरी बसली नाही. तिने त्याचं हेलियमचं पुस्तक पुन्हा छापायला लावलं. १९५९ साली ते निघालं, आणि त्याला प्रस्तावना लिहिली मातवेईच्या जुन्या मित्राने, लांडाऊने. तोही एक वर्ष तुरुंग भोगून आला होता. पुढेही लिडिया गप्प बसली नाही. अन्याय झालेल्या दुसऱ्या लेखकांच्या बाजूने बोलली म्हणून १९७४ साली तिला लेखक संघातून काढलं. १९९६ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, ती गेली.

आणि त्या प्रश्नाचं काय झालं? तो मातवेईबरोबर मेला का? बराच काळ कुणी त्याला हात लावला नाही. मग गंमत बघा, ज्या १९५७ साली मातवेईचं नाव धुऊन निघालं, त्याच वर्षी अमेरिकेत चॅपेल हिल गावी गुरुत्वाकर्षणावर शास्त्रज्ञांची एक मोठी बैठक भरली. ती भरवणारी होती एक बाई, सेसिल दविट-मोरेट, फ्रान्सची गणिती. जडाचा आणि बारकाचा मेळ कसा घालायचा, यावर तिथे वाद झडले, आणि काम पुन्हा सुरू झालं.

त्या कामात आपलाही एक माणूस आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइन यांची समीकरणं नव्या रूपात मांडली. त्यातून एक वाट निघाली. त्या वाटेवर जागा ही बारीक फासांच्या विणीसारखी समजतात, आणि या लोकांच्या शोधनिबंधात 'विणणे' हाच शब्द आला आहे. मघाशी मी साडीचं उदाहरण दिलं ते म्हणूनच. दुसऱ्या गटाचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, सगळं जग बारीक तारांच्या थरथरण्यातून बनलंय. कोण बरोबर, हे अजून ठरलेलं नाही. २०१७ साली दोन गटांनी प्रयोगाची एक युक्ती सुचवली: अगदी चिमुकल्या दोन वस्तू जवळ ठेवायच्या आणि त्यांच्यातलं गुरुत्वाकर्षण बारकाच्या नियमाने वागतं का ते बघायचं. त्यातही एक बाई आहेत, इटलीच्या कियारा मार्लेत्तो. ही युक्ती प्रत्यक्षात आणायला फार अवघड आहे, पण निदान दार कुठे आहे ते दिसलं.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. मातवेईने आपला हिशोब गुरुत्वाच्या लहरींवर केला होता. विहिरीत खडा टाकला की तरंग उठतात, तशा जागेतच उठणाऱ्या लहरी. त्या काळी त्या फक्त कागदावर होत्या. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या यंत्रांनी त्या पहिल्यांदा पकडल्या. तसंच एक यंत्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभं राहायचं आहे. काटकोनात जाणाऱ्या ४-४ किलोमीटर लांब दोन भुजा. केंद्र सरकारने २०२३ साली त्याला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. हे यंत्र लहरी पकडेल. लहरीचा एकेक नग मोजणं त्यालाही जमणार नाही. म्हणजे मातवेईचा प्रश्न तिथेही उभाच राहणार आहे.

तर ताई, तुम्ही विचारलंत, यातून मिळतं काय. पीक वाढत नाही, हे खरंच. पण त्या रांगेतल्या बाईचा विचार करा. तिच्याकडून नवरा नेला, घरातली पुस्तकं नेली, खरं काय झालं ते सांगितलंसुद्धा नाही. ज्यांनी हे केलं त्यांना माणसाने मनापासून विचार करणं, प्रश्न विचारणं, जे खरं वाटतं ते सांगणं नको होतं. जागा आणि काळ कशाचे बनलेत असं विचारणारा माणूस आणि माझा मुलगा कुठे नेलात असं विचारणारी बाई, दोघांनाही एकच उत्तर मिळालं, खिडकी बंद. लिडिया ती वही लपवत राहिली, कविता पाठ करत राहिली, पुस्तक पुन्हा छापून घेत राहिली. म्हणून आज मी ही गोष्ट रेडिओवरून तुम्हाला सांगू शकते.

ग्रामसभेत एखादी बाई उठून विचारते, "या कामाचे पैसे कुठे गेले?" आणि तिला म्हणतात, "तुला काय कळतंय, खाली बस." तेव्हा तिच्या शेजारची जर म्हणाली, "तिने विचारलंय, वहीत लिहून घ्या," तर प्रश्न मरत नाही. उत्तर लगेच मिळेलच असं नाही. मातवेईच्या प्रश्नाला ९० वर्षं झाली, अजून मिळालेलं नाही. पण तो लिहिलेला आहे, त्यामुळे आज शिरपूरचा माणूसही त्यावर काम करतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात कधीतरी कुणीतरी विचारलेला आणि उत्तर न मिळालेला एक प्रश्न आठवा. तो इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालून लिहा, आणि विचारणारीचं नावही लिहा. मग आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यांतले काही आपण इथे वाचून दाखवू.

नमस्कार.